उमेदवार शिबिरमार्गदर्शक : अमेरिकन उन्हाळी शिबिरांतील किशोरांच्या नेतृत्वशिक्षणाचा विचार

शिक्षण म्हणजे केवळ शाळेत मिळणारे शिक्षण नव्हे, हे विधान शिक्षणशास्त्राच्या अभ्यासकास नवे नाही. तथापि शाळेबाहेर घडणाऱ्या शिक्षणाने ज्या संस्था निर्माण केल्या, त्यांच्या अंतर्गत रचनेचा बारकाईने विचार क्वचितच केला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील उन्हाळी निवासी शिबिर ही अशीच एक संस्था होय. शाळांना दीर्घ सुटी लागली की मुले आठवडा-दोन आठवडे, कधी सात-आठ आठवडेदेखील, घरापासून दूर एखाद्या सरोवराकाठी किंवा अरण्यात राहावयास जातात. या काळात त्यांच्याबरोबर अहोरात्र राहणारा जो तरुण असतो, त्याला तेथे ‘काउन्सेलर’ म्हणतात. मानसोपचाराच्या क्षेत्रातील समुपदेशकाशी या शब्दाची गल्लत होऊ नये म्हणून प्रस्तुत लेखात त्याला शिबिरमार्गदर्शक म्हटले आहे. मुलांना सकाळी उठवण्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंतची सर्व जबाबदारी त्याच्यावर असते.

हे मार्गदर्शक बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थी असतात. परंतु त्यांच्याही आधीची एक पायरी तेथे आहे. पंधरा ते सतरा वर्षांच्या, म्हणजे शिबिरार्थीचे वय जवळजवळ ओलांडलेल्या, पण मार्गदर्शकाच्या वयास न पोचलेल्या मुलामुलींना या कामाचे रीतसर शिक्षण दिले जाते. त्यांना ‘काउन्सेलर-इन-ट्रेनिंग’ अथवा संक्षेपाने ‘सीआयटी’ असे म्हणतात. मराठीत यास ‘उमेदवार’ हा जुना शब्द अधिक समर्पक वाटतो. निवडणुकीने त्या शब्दाचा अर्थ आज आकुंचित केला असला, तरी शिंप्याच्या, सुताराच्या किंवा छापखान्यातील जुळाऱ्याच्या हाताखाली राहून काम शिकणारा, हा त्याचा मूळचा व्यवहारातील अर्थ आहे. आणि येथे तोच अभिप्रेत आहे.

प्रश्न असा आहे की, ज्याचे स्वतःचेच संगोपन अद्याप पुरे झालेले नाही, त्याच्या हाती दुसऱ्यांच्या मुलांचे संगोपन किती प्रमाणात, कोणत्या क्रमाने आणि कोणाच्या देखरेखीखाली सोपवावे? या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर एका बाजूस लहान मुलांची सुरक्षितता धोक्यात येते आणि दुसऱ्या बाजूस शिक्षणाच्या नावाखाली किशोरांच्या श्रमाचा फुकट वापर होतो. यास्तव हा विषय वरकरणी दिसतो तितका किरकोळ नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकेतील संघटित शिबिराचा आरंभ सामान्यतः १८६१ सालापासून मानला जातो. कनेक्टिकट राज्यातील वॉशिंग्टन या गावी शाळा चालवणारे फ्रेडरिक गन यांनी त्या वर्षी आपल्या विद्यार्थ्यांना पायी समुद्रखाडीपर्यंत नेऊन तंबूत ठेवले. यादवी युद्धास नुकतीच सुरुवात झाली होती आणि सैनिकांप्रमाणे राहण्याची मुलांना हौस होती. पुढे १८८१ साली अर्नेस्ट बाल्च या तरुणाने न्यू हॅम्पशायरमधील स्क्वाम सरोवरातील एका बेटावर ‘कॅम्प चोकोरुआ’ काढला. धनिकांची मुले उन्हाळ्यात हॉटेलांतून आळसात दिवस घालवतात, हे पाहून त्याने आपल्या शिबिरात नोकर ठेवलेच नाहीत. स्वयंपाक, भांडी, नावांची निगा ही सर्व कामे मुलांनीच करावयाची, अधिक कामाचा मोबदला घ्यावयाचा आणि शिबिरातील पेढीत त्याचा हिशेब ठेवावयाचा, अशी व्यवस्था होती. १८८५ साली समनर डडली यांनी ख्रिस्ती तरुण संघाच्या, म्हणजे वायएमसीएच्या, मुलांसाठी जे शिबिर भरवले, त्याची परंपरा ‘कॅम्प डडली’ या नावाने आजही चालू आहे. १९१० साली शिबिरप्रमुखांची संघटना स्थापन झाली; तिचेच विद्यमान रूप म्हणजे ‘अमेरिकन कॅम्प असोसिएशन’ होय.

या आरंभीच्या शिबिरांत प्रमुख हाच शिक्षक, पालक आणि नायक असे. मुलांची संख्या वाढली तसा हा एकखांबी तंबू पुरेसा होईना. मुलांचे लहान गट करून प्रत्येक गटास स्वतंत्र मार्गदर्शक देणे अपरिहार्य झाले. ‘थोड्या मोठ्या मुलाने थोड्या लहान मुलांचे नेतृत्व करावे’ या कल्पनेस इंग्लंडमधील बालवीर चळवळीनेही मोठे बळ दिले. बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउन्सी बेटावर जे प्रायोगिक शिबिर भरवले, त्यात मुलांचे चार संघ करून प्रत्येकावर त्यांच्यातीलच एक मोठा मुलगा नेमला होता. महाराष्ट्रातील शाळांतून बालवीर पथकात राहिलेल्या वाचकांस हा ‘संघनायक’ परिचित आहे. मात्र संघनायक आणि उमेदवार मार्गदर्शक यांत एक महत्त्वाचा भेद आहे. संघनायक हा आपल्या संघाचा घटकच राहतो; उमेदवारास मात्र समवयस्कांचा गट सोडून पलीकडच्या, म्हणजे प्रौढांच्या, बाजूस जावयाचे असते. त्याच्या शिक्षणातील बहुतेक अडचणी या स्थलांतरातून उद्भवतात.

उमेदवाराचे स्थान

अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांचा रोख या बाबतीत स्पष्ट आहे. मुलांची देखरेख करणाऱ्या सेवकांपैकी किमान ८० टक्के व्यक्ती १८ वर्षांच्या वा अधिक वयाच्या असाव्यात. कोणीही १६ वर्षांहून लहान नसावा. आणि प्रत्येकाचे वय त्याच्या हाताखालील मुलांपेक्षा निदान दोन वर्षांनी अधिक असावे, अशी अपेक्षा आहे. निवासी शिबिरात सहा ते आठ वर्षांच्या सहा मुलांमागे एक, नऊ ते चौदा वर्षांच्या आठ मुलांमागे एक आणि पंधरा ते अठरा वर्षांच्या दहा मुलांमागे एक सेवक असावा, असे प्रमाणही दिलेले आहे.

या अंकांत उमेदवार कोठे बसतो, हा कळीचा मुद्दा आहे. शिस्तबद्ध शिबिरात त्याची गणना सेवकांत होत नाही. केबिनमध्ये आठ मुले, एक मार्गदर्शक आणि एक उमेदवार असेल, तर तो उमेदवार अधिकचा मानावयाचा. मार्गदर्शक आजारी पडल्यास त्याच्या जागी उमेदवारास उभे करून प्रमाण पुरे झाले असे म्हणता येत नाही. हा नियम केवळ सुरक्षिततेचा नाही, तर शिक्षणाचाही आहे. ज्या क्षणी शिकाऊ व्यक्तीवाचून काम अडू लागते, त्या क्षणी तिला चुकण्याची मुभा उरत नाही. आणि जेथे चुकण्याची मुभा नाही, तेथे शिकणे थांबते.

उमेदवारीचा काल बहुधा दोन उन्हाळ्यांचा असतो. पहिल्या वर्षी निरीक्षण, कौशल्ये आणि आपल्या गटाबरोबरचे सहजीवन यांवर भर असतो. दुसऱ्या वर्षी उमेदवार निरनिराळ्या वयाच्या मुलांच्या केबिनमध्ये काही दिवस राहून प्रत्यक्ष काम करतो. गर्ल स्काउट्ससारख्या संस्थांनी अशा दोन टप्प्यांस स्वतंत्र मान्यताचिन्हेही ठरवून दिली आहेत.

शिक्षणाचा आशय

या शिक्षणक्रमाचे चार भाग पाडता येतील.

पहिला भाग सुरक्षिततेचा. पोहताना प्रत्येक मुलाची एका जोडीदाराशी गाठ घालून द्यावयाची आणि शिटी वाजताच जोड्यांनी हात धरून उभे राहावयाचे, म्हणजे मोजणी होते. ही जोडीची पद्धत उमेदवार प्रथम शिकतो. प्रथमोपचार, विजा चमकू लागताच पाण्यातून बाहेर काढणे, आग विझवणे, एखादे मूल सापडेनासे झाल्यास शोधाचा क्रम, ही सर्व कृती पुनःपुन्हा करवून घेतली जाते. अमेरिकन रेड क्रॉसच्या जीवरक्षक प्रशिक्षणास १५ वर्षे ही किमान वयोमर्यादा असल्याने पुष्कळ उमेदवार तेही प्रमाणपत्र मिळवतात. लहान मुलाबरोबर इतरांच्या दृष्टीआड एकट्याने राहू नये, आणि मुलाने छळाची वा अत्याचाराची गोष्ट सांगितल्यास ती गुप्त ठेवण्याचे वचन न देता तत्काळ वरिष्ठांस कळवावी, हे दोन नियम सर्वांत आधी बिंबवले जातात.

दुसरा भाग बालविकासाचा. सात वर्षांच्या मुलास हरणे का सहन होत नाही, अकरा वर्षांच्या मुलींत दोघींची मैत्री तिसरीस का बोचते, तेरा वर्षांच्या मुलास सर्वांसमोर पोशाख बदलण्याचा संकोच का वाटतो, हे प्रश्न व्याख्यानाने समजत नाहीत. म्हणून उमेदवारास वही देऊन एका मुलाचे एका दिवसाचे निरीक्षण नोंदवावयास सांगतात. नोंद करताना ‘तो हट्टी आहे’ असे न लिहिता ‘त्याने तीन वेळा बोलावूनही जेवणाची रांग धरली नाही’ असे लिहावयाचे असते. वर्णन आणि निर्णय यांतील हा भेद पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही सहज साधत नाही, हे अध्यापकांस सांगावयास नको.

तिसरा भाग गटाच्या हाताळणीचा. खेळाचे नियम थोडक्यात सांगणे, चाळीस मुलांकडून गाणे म्हणवून घेणे, पावसाने बेत मोडला असता दुसरा काढणे, एका कामावरून दुसऱ्या कामाकडे मुलांस न ओरडता नेणे, ही त्यातील कौशल्ये होत. अनुभवी प्रशिक्षकांचे लक्ष विशेषतः या संक्रमणाच्या वेळांकडे असते. बहुतेक भांडणे खेळ चालू असताना न होता खेळ संपून जेवण सुरू होण्यापूर्वीच्या रिकाम्या दहा मिनिटांत होतात.

चौथा भाग आत्मपरीक्षणाचा. दिवसाच्या अखेरीस उमेदवार आपल्या प्रशिक्षकासमवेत बसून त्या दिवशी काय केले, का केले आणि दुसरे काय करता आले असते, याची चर्चा करतात. वरवर पाहता हा भाग सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो आणि दगदग वाढली की प्रथम त्यालाच काट मिळते. वास्तविक पहिल्या तीन भागांचे अनुभवात आणि अनुभवाचे ज्ञानात रूपांतर येथेच घडते. अनुभव घेतला म्हणजे शिक्षण झाले असे नव्हे; काही अनुभव पुढील वाढीस मारकही ठरतात, हे जॉन ड्यूई यांनी १९३८ साली ‘एक्सपीरियन्स अँड एज्युकेशन’ या ग्रंथात प्रतिपादिले होते. ते येथे तंतोतंत लागू पडते.

एक उदाहरण

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक कल्पित पण नेहमी घडणारा प्रसंग घेऊ. शिबिराची दुसरी रात्र आहे. नऊ वर्षांचा एक मुलगा उशीत तोंड खुपसून रडत आहे आणि सोळा वर्षांचा उमेदवार त्याच्याजवळ गेला आहे. ‘आईला फोन कर म्हणजे ती उद्या तुला न्यावयास येईल’, असे म्हणावे, हा त्याला सुचणारा सर्वांत सोपा मार्ग. तो दयाबुद्धीचा असला तरी घातक आहे. घरच्या ओढीविषयी ख्रिस्तोफर थर्बर यांनी शिबिरांत केलेल्या संशोधनावरून असे दिसते की, बहुतेक मुलांना ही ओढ थोडीफार वाटतेच आणि बहुतेकांच्या बाबतीत ती सौम्य असते. थर्बर व वॉल्टन यांनी २००७ साली अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेसाठी लिहिलेल्या अहवालात, ‘करमले नाही तर परत आणू’ असे आश्वासन पालकांनी आधी देऊ नये, असे सांगितले आहे; कारण त्यामुळे मुलाच्या मनात ‘हे मला जमणार नाही’ ही अपेक्षाच दृढ होते.

मग उमेदवाराने काय करावे? प्रथम, जे वाटते त्यास नाव द्यावे : ‘घरची आठवण येते आहे ना? येथे पुष्कळांना येते.’ नंतर, घरी या वेळी काय चालू असेल हे त्यास सांगू द्यावे. मग उद्याच्या एखाद्या निश्चित गोष्टीकडे लक्ष वळवावे, घरी पत्र लिहिण्याचे ठरवावे, आणि केबिनच्या मार्गदर्शकास हे सर्व कळवावे. मुलगा जेवेनासा झाला, झोपेनासा झाला किंवा दिवसेंदिवस अधिकच खचत गेला, तर ती बाब सौम्य नव्हे आणि ती उमेदवाराच्या आवाक्यातील नव्हे. ती शिबिरप्रमुखाची व पालकांची आहे. आपल्या अधिकाराची सीमा ओळखणे हेदेखील येथे एक कौशल्य म्हणूनच शिकवले जाते.

दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत प्रशिक्षक विचारतो : ‘तो रडत असताना तुला काय वाटत होते?’ पुष्कळदा उत्तर येते की, ‘रडणे लवकर थांबावे असे वाटत होते.’ मग कोणाच्या सोयीसाठी, हा पुढचा प्रश्न. मुलाचे दुःख आणि ते पाहून आपल्याला होणारा त्रास यांत फरक करावयास सोळा वर्षांचा मुलगा या ठिकाणी शिकतो.

सैद्धान्तिक आधार

या पद्धतीस आधारभूत अशी काही संशोधने निर्देशनीय आहेत. कॅनडातील अल्गोन्क्विन उद्यानातील ‘कॅम्प आहमेक’ या शिबिराच्या आधारे डिमॉक व हेन्ड्री यांनी १९२९ साली ‘कॅम्पिंग अँड कॅरेक्टर’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शिबिरात शील आपोआप घडते या समजुतीवर विसंबून न राहता मुलांच्या वर्तनाची पद्धतशीर नोंद करण्याचा तो एक महत्त्वाचा प्रयत्न होता. १९३९ साली लेविन, लिपिट व व्हाइट यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या मंडळांवर केलेला प्रयोग सुपरिचित आहे. हुकूमशाही वळणाच्या नेत्याची पाठ वळताच मुलांचे काम मंदावले; लोकशाही वळणाच्या गटांत ते पुष्कळ अंशी चालू राहिले; आणि ज्या नेत्याने काहीच केले नाही, त्याच्या गटात गोंधळ माजला. नवशिक्या उमेदवाराच्या वर्तनाशी हे ताडून पाहण्याजोगे आहे. तो बहुधा आरंभी मुलांचा लाडका होण्यासाठी सर्व काही चालवून घेतो आणि गोंधळ हाताबाहेर गेला की एकाएकी कठोर होतो. मधला मार्ग, म्हणजे मुलांना निर्णयात सहभागी करूनही मर्यादा न सोडणे, हाच सर्वांत उशिरा साधतो.

फ्रिट्झ रेडल यांनी अत्यंत अस्वस्थ मुलांबरोबर काम करताना १९५९ साली असे मांडले की, प्रसंग जेथे घडला तेथेच, तो ताजा असताना, मुलाबरोबर रोज राहणाऱ्या व्यक्तीने केलेले संभाषण हे उपचाराचे एक स्वतंत्र साधन आहे. मुलाजवळ सतत असणे हेच शिबिरमार्गदर्शकाचे बलस्थान होय, या समजुतीस त्यामुळे शास्त्रीय आधार लाभला. फ्रँक रीसमन यांनी १९६५ साली ‘साहाय्यकाचे हित’ या तत्त्वाकडे लक्ष वेधले : मदत घेणाऱ्यापेक्षा मदत करणाऱ्याचा लाभ पुष्कळदा अधिक असतो. तसेच लेव्ह व वेंगर यांनी १९९१ साली उमेदवारीच्या निरनिराळ्या प्रकारांचा अभ्यास करून असे दाखवले की, नवागत हा समूहाच्या कडेवरील छोट्या पण खऱ्या कामापासून आरंभ करून क्रमाने मध्याकडे जातो. यातील ‘खऱ्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. केवळ लुटुपुटीची जबाबदारी दिली, तर किशोर ती तत्काळ ओळखतो आणि तिच्याशी तसाच वागतो.

शेरिफ यांचा १९५४ सालचा रॉबर्स केव्ह प्रयोग हा या विषयास दुसऱ्या बाजूने स्पर्श करतो. ओक्लाहोमातील एका उद्यानात सुमारे अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात चुरस लावली असता वैर निर्माण झाले, आणि उभयतांनी मिळूनच पार पडेल अशी कामे समोर आल्यावर ते ओसरले, असा त्याचा निष्कर्ष होता. तेथील संशोधक शिबिराच्या सेवकांच्याच भूमिकेत वावरत होते आणि आपण प्रयोगाचे विषय आहोत, याची मुलांना कल्पना नव्हती. १९५३ मधील तशाच एका आधीच्या प्रयत्नात मुले परस्परांवर उलटेनात आणि तो अर्धवट सोडावा लागला, याकडे जिना पेरी यांनी २०१८ सालच्या आपल्या ग्रंथात लक्ष वेधले आहे. प्रयोगाच्या नीतिमत्तेचा प्रश्न तर आहेच. पण उमेदवाराच्या दृष्टीने त्यातील धडा निराळा आहे. गटागटांतील स्पर्धा मोठ्यांच्या हातून पेटते आणि मोठ्यांच्या मौनावर पोसते. ‘आमची केबिन सर्वांत श्रेष्ठ’ ही घोषणा उत्साहाने देणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलास, आपण नेमके काय पेरीत आहोत, हे समजणे आवश्यक आहे.

आक्षेप व मर्यादा

या पद्धतीवरील पहिला आक्षेप आर्थिक आहे. अनेक शिबिरांत उमेदवारास वेतन तर नसतेच, उलट त्याच्या पालकांस शुल्क, कधी सवलतीचे तर कधी पुरे, भरावे लागते. १९३८ च्या न्याय्य श्रममानक कायद्यात पुढे घातलेल्या तरतुदीनुसार, वर्षात सात महिन्यांहून अधिक काळ न चालणाऱ्या शिबिरांस संघराज्याचे किमान वेतनाचे बंधन नाही. राज्यांचे कायदे मात्र भिन्न आहेत. परिणामी ही उमेदवारी प्रायः सुस्थित कुटुंबांतील मुलांनाच परवडते; ज्यास उन्हाळ्यात चार पैसे मिळवणे भाग आहे, तो किशोर नेतृत्वाच्या या शिक्षणास मुकतो. आणि शुल्क घेऊन जर त्याच्याकडून केवळ भांडी घासून व स्नानगृहे झाडून घेतली, तर त्यास शिक्षण म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय. चोकोरुआतील मुलेही भांडी घाशीत असत हे खरे. परंतु तेथे श्रमाचे प्रयोजन उघड होते आणि अधिक श्रमास मोल होते.

दुसरा आक्षेप मानसशास्त्रीय आहे. गार्डनर व स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, समवयस्क उपस्थित असताना किशोर अधिक धोका पत्करतात आणि प्रौढांवर असा परिणाम फारसा होत नाही, असे आढळले. यावरून किशोरांस जबाबदारी देऊच नये, असे अनुमान काढणे चूक ठरेल. ती देताना उमेदवारांची टोळी एकत्र न ठेवता, प्रत्येकास एकेका प्रौढ मार्गदर्शकाच्या सान्निध्यात ठेवावे, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

तिसरी अडचण स्थानाच्या संदिग्धतेची. उमेदवाराचे गेल्या वर्षीचे सोबती अद्याप शिबिरार्थी असतात. तो मात्र त्यांचे रात्री जागणे वरिष्ठांस कळवण्यास बांधलेला असतो. त्याला सेवकांच्या बैठकीत जागा नसते आणि शिबिरार्थींच्या खेळातही नसते. एरिक्सन यांनी किशोरावस्थेचे वर्णन ‘मी कोण?’ या प्रश्नाचा काळ असे केले. उमेदवारी त्या प्रश्नास संस्थेचे रूप देते. प्रशिक्षकाने ही संदिग्धता झाकून ठेवली, तर उमेदवार अरेरावी तरी करतो किंवा पुन्हा मुलांत मिसळून जातो. ती उघड बोलून दाखवली, तर तिच्याच आधारे तो वाढतो.

उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. उमेदवाराची जबाबदारी खरी असावी, परंतु तिचा भंग झाला असता मुलास इजा पोचू नये इतकी ती प्रौढांच्या देखरेखीने वेढलेली असावी. ती क्रमाने वाढत जावी आणि प्रत्येक पायरीवर विचारविनिमयास निश्चित वेळ राखलेला असावा. आणि उमेदवाराच्या श्रमाचा लाभ कोणास होतो, याचा हिशेब शिबिराने प्रामाणिकपणे ठेवावा.

महाराष्ट्रातही बालवीर-वीरबाला पथके, १९४१ पासून राष्ट्र सेवा दल आणि १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना यांच्या द्वारे शिबिराची परंपरा रुजली आहे. तेथे मोठी मुले लहानांस सांभाळतात, पण ते बहुधा अंगच्या हुशारीने आणि मागच्यांचे पाहून. अमेरिकन पद्धती जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. तिचे शुल्क व तिची सुखवस्तू चौकट तर मुळीच नको. मात्र आपल्या शिबिरांतील सोळा वर्षांच्या मुलाजवळ संध्याकाळी कोणी बसते काय, आणि ‘आज तू असे का केलेस?’ हा प्रश्न त्यास रागाने नव्हे तर जिज्ञासेने विचारते काय, हे पाहावयास कोणत्याही विद्यार्थ्यास एक वही आणि शिबिरातील आठ दिवस पुरेसे आहेत.